अकराव्या दिवशी संपणाऱ्या गोळ्या

पत्र : आमच्या मामांना (सासऱ्यांना) जिभेचा कॅन्सर आहे. बेळगावच्या एका हॉस्पिटलातून दुखण्यासाठी मॉर्फिनच्या १० मि.ग्रॅ.च्या गोळ्या मिळतात. पहाटे ६, सकाळी १०, दुपारी २, संध्याकाळी ६ ला एकेक आणि रात्री १० ला दोन. मध्येच दुखलं तर एक जास्तीची द्या, असं डॉक्टर बोलले होते. तशा रोज दोन तरी लागतात. चौदा दिवसांच्या ८४ गोळ्या देतात, पण दर खेपेला अकराव्या दिवशी संपतात. दिवाळीत दोन दिवस घरात एकही गोळी नव्हती. मामांना घाम, जुलाब, अंगाला कापरं, दुखणं तर विचारूच नका. गावातल्या मेडिकलवाल्याने जुनी चिठ्ठी बघून हात वर केले आणि ट्रॅमाडॉल नावाच्या दुसऱ्या दुखण्याच्या गोळीची पट्टी दिली, तिने काही झालं नाही. दीर म्हणतात, अफूची सवय लागलीय, कमी करा. नणंद कोल्हापूरला असते. तिकडूनही एक चिठ्ठी करून घेतली तर चालेल का? दर वेळी मामांना जीपमधून न्यावंच लागेल का?
– एक सून, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातच उत्तर आहे, फक्त भागाकार राहिला आहे. ठरलेल्या गोळ्या रोज सहा, चौदा दिवसांच्या ८४. हॉस्पिटलने दिल्या तेवढ्याच. पण मामा रोज आठ घेतात. ८४ ला ८ ने भागा, साडेदहा येतात. म्हणजे अकराव्या दिवशी दुपारी डबा रिकामा. कोणी चोरत नाही, मामा हावरेपणा करत नाहीत, आणि फार्मसीवालाही कमी मोजत नाही. डॉक्टरांनी जास्तीची गोळी तोंडाने सांगितली, कागदावर लिहिली नाही. फार्मसी कागद बघून मोजते.

म्हणून पुढच्या खेपेला आधी एकच काम करा. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर दोन ओळी लिहून घ्या : एक ठरलेल्या डोसची, दुसरी ‘गरजेनुसार’ डोसची, त्यात एका वेळी किती आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा. शेवटी एकूण गोळ्या, आकड्यात आणि अक्षरात. रोज आठ लागत असतील तर चौदा दिवसांच्या ११२ होतात. ८४ आणि ११२ मधल्या या २८ गोळ्यांपायीच दिवाळीचे ते दोन दिवस आले.

जास्तीचा डोस किती असावा याचाही ठोकताळा आहे. दिवसभराच्या एकूण मॉर्फिनचा साधारण सहावा भाग. मामांचे ६० मि.ग्रॅ. होतात, सहावा भाग १०, म्हणजे एक गोळी. हे बरोबर चाललं आहे. मात्र जास्तीच्या दोन-तीन गोळ्या रोजच लागत असतील, तर त्या ‘जास्तीच्या’ राहिल्या नाहीत, ठरलेला डोस कमी पडतो आहे. ६० आणि २० मिळून ८० झाले, सहाने भागले की तेरा-साडेतेरा. अशा वेळी डॉक्टर बहुधा दर चार तासांनी १५ वर नेतात, म्हणजे दीड गोळी, रात्री तीन. मग रोजच्या नऊ, चौदा दिवसांच्या १२६, आणि जास्तीच्या त्यावर वेगळ्या. हे डॉक्टरांनी ठरवायचं, घरी नाही. पण त्यांना ते ठरवता यायला तुमची वही लागते.

वही साधी ठेवा, दोनशे पानी, दोरीने डब्याला बांधलेली. तारीख, वेळ, किती गोळ्या, ठरलेली की जास्तीची, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, आणि शिल्लक. शिल्लक दर रात्री मोजूनच लिहायची, अंदाजाने नाही. जास्तीच्या गोळीसमोर कारण लिहा : ‘पहाटे ३, आपोआप’ आणि ‘जखम धुताना’ यांत फार फरक आहे. दुखणं आपोआप उठत असेल तर डोस वाढवण्याचा विचार होतो. फक्त जखम धुताना दुखत असेल तर जास्तीची गोळी धुण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी दिली की काम भागतं, कारण तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनला चढायला तेवढा वेळ लागतो. धुऊन झाल्यावर दिलेली गोळी दुखण्यावर वाया जाते आणि नंतर नुसती झोप आणते.

रात्रीच्या दोन गोळ्या कशासाठी, हा प्रश्न घरात कोणीतरी विचारतोच. साध्या मॉर्फिनचा असर चार तास टिकतो. पहाटे दोनला उठवायला नको म्हणून रात्रीचा डोस दुप्पट असतो. ती एक ‘वाचवून’ ठेवू नका.

आता मेडिकलवाला. तो अडवत होता असं तुम्हाला वाटलं असेल, पण त्याच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. पूर्वी प्रत्येक राज्याचे नियम निराळे, परवाने चार-पाच, त्यामुळे हॉस्पिटलंही ते ठेवायला कचरत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक अमली औषधं’ ठरून त्यांना देशभर एकच नियम लागू झाला. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या वैद्यकीय संस्था ती ठेवू शकतात आणि आपल्या पेशंटना देऊ शकतात. वर्षभराला किती लागेल याचा अंदाजही त्यांना आधी द्यावा लागतो. गल्लीतलं मेडिकल या साखळीत सहसा नसतंच. त्यामुळे खानापुरात दहा दुकानं फिरण्यात दिवस घालवू नका.

जुन्या चिठ्ठीचं म्हणाल, तर तिथेही तो नियमाने वागला. औषध नियमांतल्या ६५ व्या नियमाप्रमाणे चिठ्ठीवर एकदाच औषध मिळतं. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं त्याच चिठ्ठीवर लिहिलेलं असावं लागतं, किती वेळा किंवा किती दिवसांच्या अंतराने. आणि औषध देताना दुकानदाराने डॉक्टरांच्या सहीच्या वर आपल्या दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असते. साध्या औषधांना दुकानदार हे सोडून देतात म्हणून आपल्याला कायदा माहीत नसतो. अमली औषधांना कोणी सोडत नाही. मॉर्फिनसाठी संस्था दर खेपेला नवी चिठ्ठीच करतात हे धरून चाला. पोट साफ होण्याची गोळी, पॅरासिटामॉल, तोंडाचं मलम यांच्यावर मात्र ‘१४ दिवसांच्या अंतराने आणखी दोनदा’ असं लिहून घ्या. ती गावात मिळतील, खेप वाचेल.

फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलून मॉर्फिनची चिठ्ठी मागवता येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं मना आहेत. फोनवर सल्ला मात्र मिळतो, आणि तो घ्यायला संकोच करू नका.

चिठ्ठी हातात पडली की खिडकीपासून हलायच्या आधी वाचा. पेशंटचं पूर्ण नाव आणि पत्ता, तारीख, औषधाचं नाव आणि ताकद, डोस, एकूण नग, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. ज्ञानेश्वर, ज्ञानोबा ही नावं आपण इंग्रजीत डी-एनने सुरू करतो, कन्नड कारकून जे-एनने. आधारवर एक, केसपेपरवर दुसरं, आणि नव्या माणसाच्या ड्युटीला अडकतं. गावाच्या नावाचंही तेच. पहिल्याच दिवशी आधारप्रमाणे एक स्पेलिंग पक्कं करून केसपेपरवर तेच चढवून घ्या. बाकी भाषेची अडचण फार मानू नका. ‘नोवु’ म्हणजे दुखणं आणि ‘गुळिगी’ म्हणजे गोळी, एवढ्यावर रात्रीच्या ड्युटीवरची सिस्टर निम्मं समजते, उरलेलं वही सांगते. म्हणून वहीतले आकडे आणि औषधांची नावं इंग्रजीत लिहा, बाकी मराठीत.

पट्टीवरही नजर टाका. १० मि.ग्रॅ.ची साधी गोळी येते तशी १० ची ‘एस.आर.’ म्हणजे सावकाश विरघळणारीही येते. ती बारा तासांनी एकदा घ्यायची असते. खिडकीवर फक्त ‘मॉर्फिन टेन’ म्हटलं की कधी ही, कधी ती हातात पडते. एस.आर. चार-चार तासांनी दिली तर औषध अंगात साठत जातं. जिभेच्या दुखण्यामुळे गिळता येत नाही म्हणून ती कुटून पाण्यात दिली, तर बारा तासांचं औषध एकदम चढतं आणि श्वास मंदावतो. साधी गोळी कुटून पाण्यातून, नाकातल्या नळीतूनही देता येते. एस.आर. कधीच कुटायची नाही. पट्टीवर ही दोन अक्षरं दिसली आणि डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नसेल तर तिथेच परत करा.

ट्रॅमाडॉलने काही झालं नाही यात नवल नाही. १०० मि.ग्रॅ. ट्रॅमाडॉल म्हणजे ढोबळमानाने १० मि.ग्रॅ. मॉर्फिन. पन्नासची दिवसातून तीनदा दिली तर १५० होतात, म्हणजे १५ मि.ग्रॅ. मॉर्फिन. मामांची सवय ६० ची, जास्तीच्या धरून ८० ची. पाव भागही नाही पुरता. आणि जास्त द्यावी म्हटलं तर दिवसाला ४०० च्या वर फिट येण्याचा धोका, मनाच्या आजाराची काही औषधं चालू असतील तर त्याहून कमी डोसलाही. ट्रॅमाडॉलही २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आलं आहे आणि दुकानदाराला त्याची वेगळी वही तीन वर्षं जपावी लागते. चिठ्ठीशिवाय पट्टी काढून देणाऱ्या मेडिकलवाल्याने उपकार केले असं समजू नका.

दिरांना सांगा, दिवाळीत जे झालं ते व्यसन नव्हे. रोज मॉर्फिन घेणाऱ्या कोणाचंही औषध एकदम तुटलं की पहिल्याच दिवसात जांभया, नाक-डोळे गळणं, घाम, पोटात मुरडा, जुलाब, बेचैनी हे होतंच. एक ते तीन दिवसांत ते जोरावर असतं. शरीराला सवय होणं वेगळं, आणि दुखणं नसताना नशेसाठी मागणं वेगळं. मामा दुखल्यावर मागतात. डोस कमी करायचाच झाला, म्हणजे रेडिएशनने दुखणं उतरलं वगैरे, तर डॉक्टर तो पायरी-पायरीने उतरवतात. आणि हो, अफूपासून बनतं हे खरं. पण मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर पिकवलेली अफू नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाऊन त्यातूनच हे औषध बनतं. लपूनछपून काही नाही.

पुन्हा कधी दोन दिवसांहून जास्त खंड पडलाच, तर पहिला डोस पूर्वीइतकाच देऊ नका, आधी हॉस्पिटलला फोन करून विचारा. खंडात शरीराची सवय कमी होते आणि जुना डोस भारी पडू शकतो.

पण खंड पडू नये याचं नियोजन कॅलेंडरवर करता येतं. चौदाव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी जायचं. घरात नेहमी तीन दिवसांच्या गोळ्या राखीव, तुमच्या हिशेबाने २४. या वेगळ्या कागदी पाकिटात, वहीत वेगळ्या ओळीत. राखीव साठा डॉक्टरांना सांगून, चिठ्ठीवर घेऊनच करायचा. रोजचे डोस चुकवून साठवायचा नाही. निघायच्या दोन दिवस आधी फार्मसीला फोन करून साठा आहे का विचारा. या औषधाची खरेदी नेहमीसारखी झटपट होत नाही, संपलं तर आठवडाही जातो. आणि कॅलेंडरवर आपल्याकडचे दिवस लाल करा : गणपती, दिवाळी, १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरणारं विधिमंडळाचं अधिवेशन. त्या दिवसांत ओ.पी.डी. बंद असते किंवा रस्ता. दिवाळीच्या आठवड्यासाठी २१ किंवा २८ दिवसांच्या गोळ्या द्याल का, हे नवरात्रातच विचारायचं. बरेच डॉक्टर स्थिर पेशंटला देतात, फक्त आयत्या वेळी नव्हे.

कोल्हापूरचं. चिठ्ठी महाराष्ट्रातली म्हणून कर्नाटकात कायद्याने खोटी ठरत नाही, दोन्हीकडे नियमही एकच आहेत. पण एकाच वेळी दोन ठिकाणांहून मॉर्फिन घेऊ नका. दोन डॉक्टरांना एकमेकांचा डोस ठाऊक नसतो, आणि कागदावर तुम्ही दुप्पट उचलणारं घर दिसता. एकदा असा संशय आला की खरी गरज असतानाही खिडकी बंद होते. कायमचं तिकडे हलवणार असाल, नणंदेकडे राहायला, तर इथल्या डॉक्टरांकडून हस्तांतराचं पत्र घ्या : निदान, सध्याचा डोस, शेवटी कोणत्या तारखेला किती गोळ्या दिल्या. ते पत्र आणि वही दाखवली की तिकडे पहिल्या दिवसापासून सुरळीत होतं. नुसती सोय म्हणून कोल्हापूर धरू नका. निपाणीच्या माणसाला ते जवळ पडतं, तुम्हाला बेळगावच जवळ. शिवाय २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सीमेवरून एस.टी. बंद पडल्या होत्या. चार-चार तासांनी लागणारं औषध अशा रस्त्यावर टांगून ठेवायचं नसतं.

पाहुण्यांकडे जाताना गोळ्या नेता येतात. चिठ्ठीवर मिळालेलं औषध पेशंटने जवळ ठेवणं गुन्हा नाही. मूळ पट्टीतच ठेवा, सोबत चिठ्ठी आणि बिल. स्टीलच्या डबीत सुट्ट्या गोळ्या घेऊन निवडणुकीच्या दिवसांत सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर सापडलात तर समजावण्यात तास जाईल. आणि शेजारच्या कोणाला कंबरदुखीसाठी त्यातली एक दिली तर मात्र तो गुन्हाही आहे आणि जिवावरचा खेळही. ज्याला सवय नाही त्याला मामांचा रात्रीचा डोस घातक ठरू शकतो. म्हणून डबा कुलपात, किल्ली एकाकडेच.

मामांना दर खेपेला न्यायची गरज सहसा नसते. डॉक्टरांना सांगून केसपेपरवर ‘औषध नेणारी व्यक्ती’ म्हणून तुमचं आणि तुमच्या यजमानांचं, दोघांचंही नाव घालून घ्या. एकाला ताप आला तर दुसरा जाईल. सोबत केसपेपर, मामांच्या आणि तुमच्या आधारची प्रत, वही, रिकाम्या पट्ट्या. मधूनमधून डॉक्टर पेशंटला बघायचंच म्हणतील, आणि ते योग्यच आहे. ती खेप आणि तपासणी एकाच दिवशी जुळवा. निघताना दहाचा डोस देऊन, दोनचा बरोबर बांधून निघा. रांगेत दुपार जातेच.

गोळ्या हरवल्या, भिजल्या, उंदराने नेल्या तरी त्याच दिवशी कळवा आणि लेखी अर्ज द्या. चार दिवसांनी सांगितलेली खरी गोष्टही खोटी वाटते.

तुम्ही पत्रात पोट साफ होण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, म्हणून विचारतो. मॉर्फिनची मळमळ चार-पाच दिवसांत जाते, झोपाळूपणाही उतरतो, पण बद्धकोष्ठ जात नाही, औषध चालू आहे तोवर राहतं. सोनामुखी किंवा बिसाकोडिलसारखं आतडं हलवणारं औषध रोज रात्री हवंच. नुसता इसबगोल नको, पाणी कमी पिणाऱ्या पेशंटच्या पोटात त्याचा गोळा होतो. तीन दिवस शौचाला झालं नाही तर वाट बघू नका, फोन करा. पुष्कळ घरांत मॉर्फिन दुखण्यामुळे नाही, तर पोट फुगल्यामुळे बंद केलं जातं.

आणि हे एक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हाक मारून, हलवूनही जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, घरघर आणि सोबत बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी : यातलं काही दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि पट्टी सोबत न्यायची. लघवी एकदम कमी झाली, उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी आटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंड मंदावलं की मॉर्फिन बाहेर पडत नाही, रोजचाच डोस जड होतो. झोपेची गोळी कोणी सुचवली तर मॉर्फिन चालू आहे हे सांगितल्याशिवाय घेऊ नका. दारू तर नाहीच.

डोस बदलला किंवा औषध बंद झालं आणि गोळ्या उरल्या, तर त्या मोजून, वहीत लिहून, जिथून घेतल्या त्याच फार्मसीत परत द्या आणि परत दिल्याची सही घ्या. हे मामांच्या नंतरच्या दिवसांतही लागू आहे. त्या गडबडीत कपाटातला डबा कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून ही जबाबदारी कोणाची ते आत्ताच ठरवून ठेवा. किल्ली ज्याच्याकडे, त्याचीच.